परड्यातून

उजव्या हाताची नखं वाढवलेली, डाव्याची पार छाटलेली.
हमाल विचारतात, काय गं, एका हाताचं लग्न ठरलं काय?
मी हसते, आणि पोत्याचं वजन लिहिते.
संध्याकाळी सांगलीहून मिरजेला परतते तेव्हा
अंगठ्याच्या नखात राजापुरी हळद असते.
सहाव्या तारेवर तिचा डाग आहे. निघत नाही.

गिटार लोंढे सरांची.
सर गार्ड होते, मीटरगेजपासूनचे,
शनिवारी इन्स्टिट्यूटच्या नाचात वाजवायचे
इस्त्रीचा पांढरा युनिफॉर्म न बदलताच.
मला त्यांनी एकच गाणं दिलं.
परदेशातलं. शब्द त्यांनाही अर्धेच येत.
बत्तीस घरांचं गाणं: आठ, परत तीच आठ,
मग आठ वेगळी, त्यांना ते पूल म्हणत,
आणि पुन्हा पहिली आठ,
जणू पलीकडं काही घडलंच नाही.

चाल म्हणजे रूळ, म्हणाले.
रूळ हलवायचा नाही.
खालची खडी वाटेल तेव्हा बदल.

घोडी झिजली म्हणून बशीरचाचांकडं नेली.
त्यांनी उलटी करून पाहिली, ठोकून पाहिली,
ह्याला भोपळा कुठाय?
मागं चार तंबोरे एका सुरात लागत होते.
या गावात षड्ज जागचा हलत नाही,
सगळं त्याच्या भरवशावर चालतं.
आणि मी रात्री दार लावून तोच काढून घ्यायची,
एकेक फरशी उचकटावी तसा.

अनामिकेनं वरचा स्वर धरायचा. तोच, परत तोच.
अंगठ्यानं खाली दुसरा खर्ज ठेवायचा.
स्वर तसूभर सरकलेला नसतो
तरी ओळखू येत नाही.
माझी आई कुणाची जाऊ, कुणाची आत्या,
कँटीनमध्ये नुसतीच ए मावशी.
बाई तीच.
उंबरा बदलतो.

पूल उतरला की घरी यायचा सरळ रस्ता आहे,
पंचमावरून, सगळे त्यानंच येतात.
एका रात्री पेंगत होते, बोट चुकलं.
घराला लागून असलेल्या वरच्याच पडद्यावर पडलं
आणि तिथनं घसरून मी आत.
पुढचं दार न वाजवता
परड्यातून, तुळशीला वळसा घालून, ओल्या पायांनी.
वर चाल आपली चालूच.
तिला पत्ताही नाही.

तोवर सरांची डावी बाजू गेली होती.
दिवाणावर पडून असत, खिडकीशी,
दोन आणि चारला उजवी तर्जनी वाटीवर वाजवत.
मी वाजवलं.
त्या जागी तर्जनी थांबली.
वाटलं, रागावले.
परत, म्हणाले.
परत.
तिसऱ्यांदा जड जिभेनं विचारलं,
तिथं कोण आलं?

चुकून झालं, सर.

बराच वेळ काही नाही.
मग म्हणाले, बरं. आता साधं वाजव, मी शिकवलं तसं.

वाजवायला घेतलं.
सोळा घरं जशीच्या तशी,
पूल जसाच्या तसा,
उतरताना मी अंगठ्याकडं बघत होते,
म्हणत होते, सरळ, सरळ जा.
तो परड्याकडंच वळला.

सर हसले, तोंडाच्या चालत्या बाजूनं.
वाटी कलंडली, त्यातलं पाणी चादरीवर गेलं,
मी पुसायला उठले.
बाहेर मालगाडीला डबे जोडत होते.
धक्का एका डब्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात
असा लांबवर सरकत गेला
शेवटच्या डब्यापर्यंत,
जो गार्डाचा असतो.